विद्यार्थ्यांचे स्वाध्याय आणि एआय: शोधक सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या एका महाविद्यालयात पदवीच्या द्वितीय वर्षाला मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात की, वर्गातील १२० विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे स्वाध्याय एआयकडून लिहून आणलेले वाटतात. प्राचार्य शोधक सॉफ्टवेअर घेण्याच्या विचारात आहेत. काही सहकाऱ्यांना सरसकट बंदी हवी आहे. आणि एका मोफत संकेतस्थळाने जिचा स्वाध्याय ‘८७ टक्के एआय’ ठरवला, ती विद्यार्थिनी तो आपणच लिहिल्याचे ठामपणे सांगते आहे. अशा वेळी नेमके काय करावे?

मॅडम, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण सॉफ्टवेअरचा निर्णय पुढच्या सत्रापर्यंत थांबू शकतो, पण त्या विद्यार्थिनीचे अंतर्गत गुण थांबणार नाहीत. ८७ टक्के हा आकडा पुरावा नाही. तो कोणत्याही समितीपुढे टिकणार नाही, आणि केवळ त्याच्या आधारावर तिला शून्य गुण दिले, तर ज्या प्रामाणिकपणासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यालाच धक्का बसेल.

मजकूर कोणी लिहिला हे या शोधक साधनांना कळत नाही. पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता, वाक्यांची लांबी आणि घडण कितपत एकसारखी आहे, असे हिशेब मांडून ती अंदाज बांधतात. एआयची भाषिक प्रारूपे संभाव्य पुढचा शब्द निवडत निवडतच मजकूर घडवतात. त्यामुळे गुळगुळीत, अपेक्षित मजकूर दिसला की तो यंत्राचा असावा, असे साधन ठरवते. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक शोधक साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर एआयचा शिक्का मारला. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींच्या टोफेल परीक्षेतील ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी चुकीने एआयचे ठरवले. कारण उघड होते: मर्यादित शब्दसंग्रहात, सावधपणे, शिकवलेल्या साच्यात लिहिणाऱ्याचा मजकूर या साधनांना यंत्रासारखाच दिसतो. अमेरिकेतीलच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या प्रणालीतील एआय शोधक बंद करून टाकला, तो याच शंकांमुळे.

ही साधने प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडलेली आहेत. आता त्यांच्यासमोर आपल्या विद्यार्थ्यांची मराठी ठेवून पाहा. आपण त्यांना पाचवीपासून निबंधमाला वाचायला दिल्या, बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प ‘प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष’ या ठरलेल्या सांगाड्यात लिहून घेतला, आणि त्या सांगाड्याबाहेर जो गेला त्याचे गुण कापले. जी मुलगी घरी गोरमाटी किंवा दख्खनी बोलते आणि प्रमाण मराठी पुस्तकांतूनच शिकली आहे, ती जपून, बेतून, पाठ केलेल्या वाक्यरचनेत लिहिणारच. तिचे लेखन ‘अपेक्षित’ वाटते, कारण अपेक्षित तेच लिहायला आपण तिला शिकवले. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, त्या ८७ टक्क्यांचा तो एक सरळ अर्थ आहे.

म्हणून त्या विद्यार्थिनीला कार्यालयात न बोलावता विभागात बोलवा, शक्य असल्यास आणखी एखाद्या सहकारी प्राध्यापिकेसमोर, आणि स्वाध्याय हातात देऊन त्यावर दहा मिनिटे बोला. ‘तू हे लिहिलेस का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचे उत्तर तिने आधीच दिले आहे. तिसऱ्या परिच्छेदातील हा मुद्दा तुला कुठे सापडला, ही दोन मते दिली आहेस त्यातले तुला कोणते पटते, हा शब्द इथे का वापरलास, हे उदाहरण काढून टाकायचे झाले तर त्याच्या जागी दुसरे कोणते देशील, लिहिताना काय वगळलेस, असे विचारा. ज्याने लिहिले आहे तो अडखळत का होईना, पण आतून बोलतो. एखादी चूक आपणहून दाखवतो, ‘इथे मला नीट सुचलं नव्हतं’ असे म्हणतो. ज्याने केवळ उतरवले आहे तो मजकुरातलीच वाक्ये परत म्हणतो किंवा गप्प राहतो. अर्थात भिडस्त विद्यार्थीही गप्प राहतो, म्हणून बोलणे जमले नाही तर तिला त्याच विषयावरचा एक परिच्छेद तिथेच बसून लिहायला सांगा आणि दोन्ही लेखने शेजारी ठेवा. त्यानंतरही शंका उरली, तर शंकेचा फायदा तिला द्या आणि विषय मिटवा. दहा जण सुटले तरी चालतील, पण एका प्रामाणिक मुलीवर चोरीचा आळ आला, तर ती पुढे आयुष्यात मनापासून काही लिहिणार नाही.

इथे एक गल्लत वारंवार होते, ती आधीच दूर करून घ्या, कारण प्राचार्यांच्या बैठकीत ती हमखास येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आहे आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांच्या वर असे स्तर ठरवून वाढती कारवाई सांगितली आहे. हे आकडे आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी असलेल्या साम्याचे आहेत. साम्य दाखवता येते: हा परिच्छेद इथला आणि हा तिथला, असे दोन कागद शेजारी ठेवता येतात. एआय शोधकाच्या टक्केवारीला असा दुसरा कागदच नसतो, तो निव्वळ संभाव्यतेचा अंदाज असतो. त्यामुळे ‘एआय ४० टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून दुसऱ्या स्तराची कारवाई’ असे जे काही ठिकाणी चालते, त्याला त्या विनियमांचा आधार नाही. मात्र त्याच विनियमांतील एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: आरोपाची शहानिशा समितीने करायची, संबंधिताचे म्हणणे ऐकून घ्यायचे आणि मगच निर्णय द्यायचा. एकट्या प्राध्यापकाने संशयावरून गुण कापू नयेत, इतका नियम तरी विभागाने लेखी करून ठेवावा.

आता बंदीविषयी. आपल्याकडे ‘कॉपी’ हा शब्द उच्चारला की भरारी पथक, बैठे पथक आणि कॉपीमुक्त अभियान डोळ्यांपुढे येते. परीक्षागृहात ते चालते, कारण तिथे तीन तास, चार भिंती आणि एक पर्यवेक्षक असतो. स्वाध्याय मुलगा वस्तीवर, वसतिगृहात किंवा एसटीच्या थांब्यावर बसून लिहितो, आणि तिथे पथक पोहोचत नाही. बंदी घातली की वापर थांबत नाही, फक्त तो सांगणे थांबते, आणि मग विद्यार्थी साधन बरे वापरतो की वाईट, हे आपल्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. हाताने लिहून आणण्याची सक्ती हाही उपाय नाही. फाईलमधला मजकूर सुवाच्य अक्षरात असला, तरी तो मोबाइल समोर ठेवून उतरवलेला असू शकतो. पूर्वी तो झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पावरून उतरवलेला असे, एवढाच फरक. उतरवलेल्या फाईलची एक खूण मात्र तुम्हीही पाहिली असेल: वीस पानांत एकही खाडाखोड नसते.

मी जे सांगतो आणि इतर प्राध्यापकांना प्रशिक्षणात जे करायला लावतो, त्याचा गाभा त्या खाडाखोडीत आहे. अंतिम प्रतीऐवजी लेखनाच्या वाटचालीला गुण द्या. प्रत्येक स्वाध्यायाची सुरुवात वर्गात व्हावी. एक तासिका त्यासाठी ठेवा. विद्यार्थी मोबाइल बाजूला ठेवून त्या विषयावर आपल्याला काय ठाऊक आहे, काय विचारायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, मुद्द्यांचा क्रम काय असेल, हे एका कोऱ्या पानावर लिहितील. तासिका संपताना तुम्ही त्या पानावर तारीख टाकून सही करा आणि पान त्यांच्याकडेच राहू द्या. अंतिम स्वाध्यायाला ते कच्चे पान जोडलेले नसेल, तर स्वाध्याय स्वीकारायचा नाही. कच्च्या पानावर अशुद्धलेखन चालेल, बोलीतले शब्द चालतील, अर्धवट वाक्येही चालतील. अंतिम लेखन त्या पानापासून दूर गेले तरी हरकत नाही, पण ते का गेले हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

पुढची पायरी म्हणजे संवाद, आणि इथे प्रत्येक प्राध्यापक म्हणतो की १२० विद्यार्थ्यांशी बोलायला वेळ कुठून आणायचा. हिशेब मांडून पाहू. प्रत्येकाला तीन मिनिटे दिली, तर ३६० मिनिटे होतात. सत्राच्या पंधरा आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला आठ विद्यार्थी आणि चोवीस मिनिटे, म्हणजे ४८ मिनिटांची अर्धी तासिका. बाकीचा वर्ग त्या वेळात कच्च्या पानाचे काम करतो. कोणाची पाळी कधी येईल हे चिठ्ठी काढून ठरवा, म्हणजे प्रत्येक जण तयारीत राहतो. तीन मिनिटांत दोन प्रश्न होतात आणि तेवढे पुरतात. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतील, तर कच्च्या पानाला ५, संवादाला ५ आणि अंतिम लेखनाला १० अशी विभागणी मला योग्य वाटते. मात्र ती विभागाच्या बैठकीत मंजूर करून सत्राच्या पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. सत्राच्या मध्यावर नियम बदलले, तर विद्यार्थी तक्रार करतील आणि ती रास्तच असेल.

खरे काम प्रश्न बदलण्यात आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळतो. ‘मराठवाड्यातील दुष्काळ: कारणे व उपाय’ असा विषय दिला, तर ‘दुष्काळ ही केवळ नैसर्गिक आपत्ती नसून ती एक सामाजिक, आर्थिक आणि मानसिक समस्या आहे’ अशा वाक्यांनी भरलेला स्वाध्याय येणार, मग तो एआयने लिहिलेला असो वा गाईडमधून घेतलेला. या वाक्यात खोटे काही नाही, पण खरेही काही हाताला लागत नाही. याच विषयाचा प्रश्न असा देता येतो: ‘२०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या गावात किंवा गल्लीत पाणी कुठून येत होते, ते कोण भरत होते आणि त्यासाठी किती वेळ जात होता, हे घरातल्या किंवा शेजारच्या दोन मोठ्या माणसांना विचारा. त्यांच्या सांगण्यात जिथे फरक पडतो, तो का पडला असेल ते लिहा. मग हाच प्रश्न एआयला विचारा आणि त्याच्या उत्तरात तुमच्या गावाला लागू न पडणारे काय आहे ते दाखवा.’ यातून मग ‘टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, पण पाइप वस्तीपर्यंत पुरत नव्हता, म्हणून घागरी सडकेवर न्याव्या लागायच्या, आज्जी म्हणते तिसऱ्या दिवशी, वडील म्हणतात आठवड्यानं’ असे वाक्य येते. हे वाक्य कोणत्याही साधनाकडून मिळत नाही, आणि मिळाले तरी तीन मिनिटांच्या संवादात उघडे पडते.

एआयच्या उत्तरातली तथ्ये तपासायलाही हाच विषय उपयोगी आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. दोन्ही आकडे बातम्यांत आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आकडा बिनदिक्कत बसवला जाणे अगदी शक्य आहे. विद्यार्थ्याने त्या काळातली वर्तमानपत्रे ग्रंथालयात काढून आकडा ताडून पाहिला, तर वर्तमानपत्र हा संदर्भ म्हणून कसा वापरायचा हे तो त्या एका कामात शिकतो.

मराठीच्या अभ्यासक्रमातले उदाहरण हवे असेल, तर आद्यकवी मुकुंदराज घ्या. त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवली जाते आणि ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. परंतु ते अंबाजोगाईचे की विदर्भातील आंभोऱ्याचे, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि ग्रंथाच्या काळाबद्दलही एकमत नाही. संत नामदेवांच्या जन्मस्थानाबाबत नर्सी की पंढरपूर, हाही तसाच जुना वाद. एआयला विचारले की ते बहुधा एक उत्तर ठाम सुरात देते, कारण ठाम वाक्य घडवणे त्याला सोपे असते. ‘हे उत्तर कोणत्या पक्षाचे आहे आणि दुसऱ्या पक्षाचा पुरावा काय?’ असा स्वाध्याय दिला, तर एआय वापरूनसुद्धा विद्यार्थ्याला वाङ्मयेतिहासाची पुस्तके उघडावीच लागतात. अशा स्वाध्यायात मी वापराला मनाई करत नाही, उलट तो करायलाच सांगतो.

मात्र सगळ्यांकडे फोन आहे हे गृहीत धरू नका. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याला जातात, त्या मुलांच्या घरातला एकमेव फोन बहुधा त्यांच्याबरोबर जातो. पुष्कळ मुलींच्या हातात फोन येतो तो भावाकडून मागून, तासाभरासाठी. अशा वर्गात एआयचा वापर सक्तीचा केला, तर आपण नवी विषमता तयार करू. त्यावरचा साधा मार्ग असा की प्रश्न तुम्ही स्वतः एआयला विचारा, आलेल्या उत्तराची एका पानाची छापील प्रत काढा आणि तिच्या झेरॉक्स वर्गात वाटा. चौघांच्या गटाने ती लाल पेनने तपासायची: कोणते वाक्य पोकळ आहे, कोणत्या विधानाला आधार लागेल, कुठे मराठी इंग्रजीच्या चालीवर चालली आहे, कुठे आपल्या भागाचे वास्तव सुटले. एका तासिकेत हे होते, फोन कोणालाच लागत नाही, आणि ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ हे वाक्य चार वेळा खोडल्यावर मुले ते स्वतः लिहायचे बंद करतात. माझ्या अनुभवात एआयविषयीच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही एक तासिका अधिक काम करते.

वापर जबाबदारीने झाला की नाही, हे ठरवण्यासाठी विद्यार्थ्याकडून स्वाध्यायाच्या शेवटी चार ओळींचे निवेदन घ्या. त्याला गुण नकोत, पण त्याशिवाय स्वाध्याय घ्यायचाही नाही. नमुना असा असू शकतो: ‘हा स्वाध्याय लिहिताना मी मुद्द्यांचा क्रम ठरवण्यासाठी आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी चॅटजीपीटी वापरले. त्याने सुचवलेल्या सहा मुद्द्यांपैकी दोन घेतले. “जलयुक्त शिवारमुळे टंचाई संपली” हे त्याचे विधान घेतले नाही, कारण आमच्या गावात तसे झालेले नाही. दुसऱ्या परिच्छेदातील आकडा ग्रंथालयातील वर्तमानपत्रावरून तपासला आहे.’ ज्याने काहीच वापरले नाही, त्याने तसे एका ओळीत लिहावे. काय नाकारले आणि का नाकारले, हा या निवेदनाचा जीव आहे. नुसते ‘मदत घेतली’ लिहून आणले तर परत करा. पहिल्या वेळी निम्मे विद्यार्थी घाबरून ‘वापरले नाही’ असे लिहितील. तेव्हा खरे सांगणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दिसू द्या, म्हणजे दुसऱ्या स्वाध्यायापासून निवेदने मोकळी होतात.

काय चालेल आणि काय नाही, याची रेघ मी अशी ओढतो. अवघड संकल्पना समजावून घेणे, आपल्या मुद्द्याविरुद्ध काय म्हणता येईल हे विचारणे, आपण लिहिलेल्या वाक्यांतल्या चुका दाखवून घेणे, हे सगळे चालेल. घरी प्रमाण मराठी न बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तर यातून पहिल्यांदाच कोणीतरी रात्री अकरा वाजता न कंटाळता समजावून सांगणारे भेटते, आणि ते त्याच्याकडून काढून घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. परिच्छेदच्या परिच्छेद लिहून घेऊन आपल्या नावावर देणे चालणार नाही. आणि सर्वांत गंभीर मी ज्याला मानतो ते म्हणजे न केलेले निरीक्षण लिहिणे: ‘मी गावातील पाच शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या’ असे म्हणून एआयने रचलेल्या मुलाखती जोडणे. शैली उसनी घेणे हा आळस आहे, पण न भेटलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणे ही बनवाबनवी आहे, आणि दोन्हींना एकच शिक्षा असू नये. खोटी सर्वेक्षणे एआयच्या आधीही प्रकल्पवह्यांत होतीच, आणि आपण ती डोळे झाकून तपासत आलो. आता ती अधिक सफाईदार होतील, म्हणून मुलाखतीचे ठिकाण, दिवस आणि विद्यार्थ्याच्या हातचे जागेवरचे टिपण मागायला सुरुवात करा. ज्यांची मुलाखत घेतली त्यांची नावे मात्र त्यांच्या संमतीशिवाय स्वाध्यायात लिहायला लावू नका.

पदव्युत्तर वर्गाच्या लघुशोधप्रबंधांसाठी वेगळी दक्षता लागते, ती संदर्भसूचीची. खरे वाटणारे, पण अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि लेख एआय सहज रचून देते. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटल्यांचे खोटे दाखले न्यायालयापुढे ठेवले, तेव्हा जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. मराठी साहित्याच्या सूचीत तर चूक पकडणे आणखी अवघड आहे, कारण आपले कितीतरी ग्रंथ आणि नियतकालिकांचे अंक आंतरजालावर नाहीतच. तोंडी परीक्षेच्या आधी सूचीतील कोणतेही पाच संदर्भ निवडून विद्यार्थ्याला त्यांची प्रत्यक्ष प्रत किंवा संबंधित पानाची झेरॉक्स आणायला सांगा. पाचपैकी एक जरी अस्तित्वात नसला, तर पूर्ण सूची परत.

तुमच्या संस्थेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल, तर तिथे वयाचा प्रश्न येतो. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान वय १३ असावे असे सुचवले आहे. ओपनएआयच्या अटींनुसार १३ ते १८ वयोगटातील मुलांना पालकांची परवानगी लागते, आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना स्वतःचे खाते उघडायला सांगण्यापेक्षा वर सांगितलेली छापील पानाची पद्धत तिथे बरी.

हीच खबरदारी आपल्यालाही लागू आहे. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय नाव आणि हजेरी क्रमांकासह मोफत संकेतस्थळावर चढवणे मला मान्य नाही, मग ते शोधण्यासाठी असो वा तपासण्यासाठी. त्या मुलीचा स्वाध्याय तिच्या नावासह चढवला गेला असेल, तर हे आता थांबवा आणि सहकाऱ्यांनाही सांगा. प्रश्नपत्रिका किंवा टिपणे तयार करताना तुम्ही एआय वापरत असाल, तर तेही वर्गात सांगा, निवेदनाच्या त्याच चार ओळींत. गुण देण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवू नका. विद्यार्थ्याने एआयकडून लिहून घ्यायचे आणि आपण एआयकडून तपासून घ्यायचे, असे झाले तर आपल्या दोघांचीही त्या वर्गात गरज उरणार नाही.

प्राचार्यांशी बोलताना सॉफ्टवेअरला थेट विरोध करू नका. संशोधन केंद्रासाठी साम्य तपासणारी प्रणाली लागतेच आणि ती असू द्यावी. पदवीच्या स्वाध्यायांसाठी एआय शोधक विकत घेण्याऐवजी त्या रकमेतून आठवड्याची एक संवादाची तासिका वेळापत्रकात बसवून मागा, झेरॉक्सचा खर्च मंजूर करून घ्या आणि ग्रंथालयातील जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे विद्यार्थ्यांसाठी खुले करून घ्या. पुढच्या सत्रात सर्व विषयांना एकदम हात न घालता फक्त मराठी द्वितीय वर्षाच्या एका स्वाध्यायावर हे करून पाहा, आणि सत्राअखेरीस कच्ची पाने व निवेदने यांचा गठ्ठा विभागाच्या बैठकीत टेबलावर ठेवा. बंदीची मागणी करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यातील कोणतीही दहा निवेदने वाचायला द्या आणि मग चर्चा सुरू करा.